लाद्यांची थप्पी

"आरं, फावडं हाय का चमचा तुझ्या हातात?" जपार घोड्यावरूनच ओरडला. "निम्मा वाडा खणायचा ऱ्हायलाय अन् हा बूड टेकून बसलाय!"

"तुमी मेंढरं बघून या, आबा. तवर थप्पी छपराला लावतो का न्हाई बघा," एर्मेक म्हणाला.

मेंढवाड्यात वर्षभर तुडवून घट्ट झालेली लेंडी लादीसारखी कापायची, वाळलेल्या लाद्या खोपटामागं रचायच्या. त्या डोंगरात झाडाचं नाव नाही. हिवाळाभर चूल पेटते ती या लाद्यांवर. पण काम कंबरडं मोडणारं, आणि धाकट्या एर्मेकची जीभ चाले तेवढं अंग वळत नसे. बापाची पाठ फिरताच त्यानं आत धोंडे रचले आणि वरून, पुढून लाद्यांची एकेरी भिंत उभी केली. बडा घर पोकळ वासा!

सांजेला जपारनं घोड्यावरूनच थप्पी बघितली; वाड्यात मेंढरं कोंडल्यानं न खणलेली जमीन दिसत नव्हती. "शाबास, पोरा. माणसात आलास," एवढंच बोलला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तो निम्मी मेंढरं घेऊन गावाकडं उतरला. पीठ, चहा घेऊन लगेच परतणार होता. पण बर्फ आधी आलं आणि खिंड बुजली.

उरलेली मेंढरं एर्मेकपाशी होती, मांसाची ददात नव्हती. पण चूल नसली तर बर्फाचं पाणी कसं व्हायचं? ऐन थंडीत लादी ओढायला गेला तो हाताला धोंडा लागला. वाड्यातली लेंडी गोठून खडक झाली होती. फावड्याचा दांडा मोडला, मग तोही चुलीत गेला. खोपटाच्या कोपऱ्यात उन्हाळ्यातल्या तंबूघराचं सामान गुंडाळून ठेवलेलं. तंबूवर घालायचे लोकरीचे जाड नमदे त्यानं अंगाखाली, अंगावर घेतले. आधी काठ्या जाळल्या, मग भिंतीच्या लाकडी जाळ्या. शेवटी राहिलं तुंदुक, तंबूच्या माथ्याचं गोल लाकडी कडं. पणजोबानं वाकवलेलं, बापाकडून धाकट्या लेकाकडं चालत आलेलं. माणूस घोडा विकेल, पण ते कडं विकणार नाही. एर्मेकनं ते पायाखाली धरून मोडलं. त्यावर उकळलेला मांसाचा रस्सा फार गोड लागला, आणि गोड लागला म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली.

खिंड मोकळी झाली तशी माणसं वर आली. पुढं जपार, खोगिराखाली कफनाचं पांढरं कापड घडी घालून. मागं त्याची आत्या, बुरुलआजी.

"जितं हाय गं माझं लेकरू!" आजीनं त्याला कवटाळलं.

"वाघ हाय वाघ!" कुणीतरी म्हणालं. "एकट्यानं हिवाळा काढला!"

आजीनं दोन्ही तळवे वर धरले. "तुझ्या घरचं तुंदुक कायम उंच ऱ्हावो, बाळा." "आमीन" म्हणत सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. एर्मेकनं हात उचललेच नाहीत.

"आजी, तसं म्हणू नगंस. जाळलं मी त्ये."

"काय जाळलंस?" जपारनं विचारलं.

"तुंदुक. समदं घरच जाळलं, आबा."

आजीच म्हणाली, "जिवापरीस लाकूड थोर हाय व्हय रं?"

आणि जपार, जो बायकोच्या मयतालाही रडला नव्हता, बर्फात बसून रडू लागला. "माझंच चुकलं. पोरानं एवढी थप्पी लावली, ती सरोस्तवर बाप काय आला न्हाई."

इथं एर्मेक गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण बापाला रडताना बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बापाला हाताला धरून उठवलं, खोपटामागं नेलं आणि पायानं बर्फ उकरलं. धोंडे जसेच्या तसे रचलेले होते.

जपारनं ते बघितले. मारलं नाही, शिवी दिली नाही. घोड्याकडं गेला आणि पिठाचं पोतं उतरवू लागला.

त्या वर्षी एर्मेकनं अख्खा वाडा एकट्यानं खणला. हाताची सालटी निघाली, थप्पी छपराला टेकली. जपार या खेपेला घोड्यावरून खाली उतरला. बाही खांद्यापर्यंत सारली, लाद्यांच्या फटीतून हात पार आत घातला आणि चाचपला. मग दुसरीकडून घातला. मग तिसरीकडून. एर्मेक फावडं धरून, खाली मान घालून उभा होता.