आधी इंजिन, मग हिलाल

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी हँडल आहे. यावल तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेले. अंगावर गंज चढला आहे, त्याचे मला काही वाटत नाही. पण 'हँडलने माणसाचा जबडा फोडला' अशी जी बोंब गावभर झाली, तिचा मला अजून राग येतो.

भट्टीत तापून आणि घणाचे घाव सोसून मी तयार झाले. डिझेल इंजिनासोबत तोतारामआबांच्या मळ्यात आले, ते ऐंशीच्या सुमाराला. दूरवर दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिवसभर धूर सोडायची, पण आमच्या शिवारातली वीज पाहुण्यासारखी यायची आणि जायची. म्हणून मला फिरवायचे, इंजिन धडधडायचे आणि केळीला पाणी मिळायचे. पाण्याची धार पडली की सगळे इंजिनाची पाठ थोपटत. माझी आठवण कोणाला होत नसे, पण हिलाल मला रोज पुसून खुंटीला लावायचा.

हिलाल आबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. तो आणि त्याची बायको बेबाबाई धुळ्याकडून कामाला आलेले. मित्रांनो, इंजिन पेटले की माझी खाच अलगद सुटली पाहिजे. ती झिजली की मी अडकते आणि इंजिनाबरोबर गरगर फिरते. हिलालला ते माझ्या खडखडाटावरूनच कळले होते.

"आबा, हँडलनी खाच घसाई गई शे. नवं लई या," तो म्हणाला.

"एक पाणी होऊन जाऊ दे, मंग पाहू," आबा म्हणाले.

ते एक पाणी झाले, मग दुसरेही झाले. एके सकाळी मी अडकले, गरगरले आणि सुटले ते थेट हिलालच्या हनुवटीवर. तिथून उडून इंजिनावर आदळले. इंजिनाचा डिझेल पंप फुटला आणि हिलालचा जबडाही मोडला.

आता ऐका काय झाले ते! केळी सुकेल म्हणून आबांनी तासाभरात ट्रॅक्टर जोडला. इंजिन ट्रॉलीत चढवले, मलाही टाकले. इंजिन हलू नये म्हणून ते धरायला बसवले कोणाला? हिलालला! एका हाताने इंजिन आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा जबडा धरून तो भुसावळपर्यंत गेला. तोंडातून रक्त गळत होते, बोलता येत नव्हते. वाटेत दवाखाना लागला. ट्रॉली पुढे गेली. इंजिन दुरुस्त झाले, माझी खाचही भरून घेतली आणि आम्ही सगळे तसेच परत आलो.

बेबाबाई बांधावर वाट पाहत उभी होती. नवऱ्याचे सुजलेले तोंड पाहून ती आबांना म्हणाली, "आबा, तुमनं इंजिन आजना आज भुसावळले गयं नि उनं. मना माणूस दवाखानामा कव्हय जाई?"

"जबड्याले काय होते, बाई? हळद-चुना लावून बांध, बसून जाईन," आबा म्हणाले.

बसला खरा, पण वाकडा बसला. खालचे दात एका बाजूला सरकले. हिलालला भाकरीचा तुकडा तोडता येईना. गालाखाली पू झाला. धडधाकट माणूस भिजवलेल्या भाकरीचा काला गिळत वाळू लागला. आणि लोक काय म्हणत? हँडल खुनशी आहे! माझ्यावरून लिंबू उतरवून टाकले. संताप होणार नाही तर काय?

शेवटी बेबाबाईनेच त्याला एसटीत बसवून जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेले. साप चावला की लोक मारलेला साप डॉक्टरांना दाखवायला नेतात, तशी तिने मलाही फडक्यात गुंडाळून नेले. डॉक्टरांनी मला पाहिले आणि हिलालचे तोंड तपासले.

"हाड वाकडं जुळलंय. त्याच दिवशी आला असता तर दात तारेनं बांधून भागलं असतं. आता चिरून, जबडा पुन्हा मोडून बसवावा लागेल. इतके दिवस काय करत होता?"

"साहेब, पहिले इंजिनना नंबर लागना, मंग याना," बेबाबाई म्हणाली. 

शस्त्रक्रिया झाली. वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधले. महिना उलटून गेला तरी तो फटीतून दूध आणि वरणाचे पाणीच पीत होता. तारा निघाल्यावर बेबाबाईने त्याच्या हातावर भाकरी ठेवली. त्याने तुकडा तोडला, सावकाश चावला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. हनुवटीखाली व्रण राहिला, पण दात दातांवर बसले.

त्या दसऱ्याला आबा इंजिनाची पूजा करायला आले. बेबाबाईने त्यांच्या हातातले ताट घेतले आणि कुंकवाचे बोट हिलालच्या कपाळाला लावले. "पहिले यानी पूजा. मंग इंजिननी."

आबांनी मान खाली घातली.

मित्रांनो, कोणाच्या तोंडाला मार लागला आणि दात एकमेकांवर बसेनासे झाले, तर हळद-चुन्यावर दिवस घालवू नका. शिव्या हव्या तेवढ्या मला द्या, पण आधी माणसाला दवाखान्यात न्या. त्या दिवशी हिलालसाठी वेगळी गाडी लागत नव्हती हो! तो ट्रॉलीतच बसला होता. फक्त दवाखान्यापाशी कोणी ट्रॉली थांबवली नाही.