ठमीचं रिकामं पोट

ठमीच्या आईला त्या सकाळी सगळ्याचीच किळस येत होती.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला कुणाचा ना कुणाचा घाम चिकटलेला होता. समोर एक माणूस नखं कापत बसला होता. हो, नखं. आत त्याच्या माणसाचं काहीतरी कापत होते आणि बाहेर हा स्वतःची नखं कापत होता, आणि टिक करून उडालेलं नख कुणाच्या चपलेत पडतंय याची त्याला काही पडलेली नव्हती. शेजारच्या बाई मोबाईलवर मोठ्या आवाजात कुणाची तरी भांडणं बघत होत्या.

खरं तर ठमीची आई इतकी नाजूक नव्हती. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढायच्या टेबलावर काम करायची. लोकांचं रक्त, घाम, सांडलेलं आणि ओकलेलं सगळं तिच्या हाताखालून जायचं. दुसऱ्यांच्या घाणीची तिला पगारी सवय होती. पण गेले दोन महिने घरात उलटीचा जो आंबट वास मुक्कामाला आला होता, तो काही केल्या जाईना. चादरी धुतल्या, पडदे धुतले, स्वतःचे केस तीन-तीनदा धुतले. ठमी रोज सकाळी उठली की ओकायची, अगदी ड्युटीवर असल्यासारखी.

ठमी नऊ महिन्यांची होती. ओकते म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला अचानक डॉक्टरकी सुचली होती. दात येत असतील. दृष्ट लागली असेल. तुझं दूध जड असेल. दूध जड, म्हणे. जणू ती पोरीला सिमेंट पाजत होती. शेवटी एका डॉक्टरांनी टेप घेऊन ठमीचं डोकं मोजलं, टाळूवर बोट ठेवलं आणि तिथेच तपासण्यांची चिठ्ठी लिहिली. मग तपासण्या झाल्या. मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती, लिंबाएवढी. तिने डोक्यातलं पाणी अडवून धरलं होतं. ती काढायलाच हवी होती आणि लवकर.

आदल्या दिवशी सिस्टरने सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "पहाटेच्या आधी शेवटचं दूध. त्यानंतर पोटात काही म्हणजे काही जाता कामा नये. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं. जिवावर बेततं." तेव्हा सगळ्यात जोरात मान डोलावली होती ती आजोबांनी.

आजोबा म्हणजे ठमीच्या आईचे वडील. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, लोण्याहून मऊ, दहा मिनिटांत अख्ख्या खोलीशी ओळख काढणारे. ते आवडत नाहीत असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

आता अडचण अशी होती की ठमीला आईजवळ ठेवताच येत नव्हतं. आईच्या अंगाला दुधाचा वास. ठमी तिच्या कुशीत आली की नाक खुपसून शोधायला लागायची आणि मिळालं नाही की खोलीचं छप्पर उडेल असा गळा काढायची. आईचा ब्लाउज ओला होऊन छातीला चिकटला होता. नवरा रक्तपेढीत सह्या करायला गेलेला. म्हणून तिने ठमीला आजोबांच्या मांडीवर दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकून दिलं. बेसिनमध्ये कुणाचे तरी केस होते, त्यावर चहाचा गाळ, आणि त्या सगळ्यावरून तिच्या पोरीचं दूध वाहत गेलं. तिला भडभडून आलं. रडू नव्हे, ओकारी.

ती परत आली तेव्हा ठमी गप्प होती. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग दवाखान्याच्या त्या हिरव्या झबल्यावर, हनुवटीच्या खाली, एक तपकिरी ओला पट्टा दिसला. उलटीचा डाग असा नसतो.

तिने ठमीच्या तोंडात बोट घातलं आणि गालाच्या आतून फिरवून बाहेर काढलं. बोटावर तपकिरी लगदा आला.

"बाबा, हे काय आहे?"

"काय गं?"

"हे."

आजोबांनी बोटाकडे बघितलं, मग छताकडे. "अगं, अर्धंच होतं. चहात बुडवून अगदी मऊ केलं होतं."

"अर्धं?"

"अर्ध्याहून थोडं जास्त असेल."

"सिस्टर काय म्हणाली होती?"

"दूध नको म्हणाली होती ना? बिस्किटाचं काही…" ते स्वतःच थांबले. "रडत होती गं ती. माझ्या तोंडाकडे बघून रडत होती. मला बघवेना."

त्यांच्या मिशीला चहाचा थेंब लटकत होता. ज्या मिशीत लहानपणी तिने स्वतःची बोटं अडकवली होती त्या मिशीकडे तिला बघवेना. म्हणे, बघवेना. अर्ध्या बिस्किटाने ठमीची भूक थोडीच भागली होती? शांत झाले होते ते आजोबांचे कान. दुसऱ्याच्या लेकराचा जीव टांगणीला लावून स्वतःच्या जिवाला आराम मिळवायचा आणि त्याला माया म्हणायचं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने लगदा मुठीत तसाच आवळला.

तेवढ्यात नवरा धावत आला. "चल, बोलावलंय आपल्याला. रक्ताचं झालं सगळं."

तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पुसून टाक."

"काय?"

"तोंड पुस तिचं. पाणी लाव झबल्याला. अगं, सर्जन संध्याकाळी परगावी निघणार आहेत. आजचं हुकलं तर पुढचा आठवडा. परवा ती डोळे वर करून कशी पडली होती, विसरलीस? एवढ्याशा चुऱ्याने काय होतंय?"

आणि किळसवाणं हे, की तिलाही एक क्षण ते पटलं. रुमाल पर्समध्ये होता. डाग काढायचाच तर तिच्याइतका सफाईने कोण काढणार होतं? तिचा हात पर्सच्या चेनवर गेलासुद्धा. मग स्वतःचाच हात तिला कुणा परक्याचा, मळका वाटला.

दारात भूल देणाऱ्या डॉक्टर उभ्या होत्या. डोक्यावर फुलाफुलांची कापडी टोपी, हातात पेन.

"शेवटचं पोटात काय गेलं?"

"आईचं दूध," नवरा लगेच म्हणाला. "पहाटेच्या आधी."

ठमीच्या आईने मूठ पुढे करून उघडली.

"बिस्किट," ती म्हणाली. "चहात बुडवलेलं. आत्ताच गेलंय. यातलं काही पोटात आहे आणि किती ते मला माहीत नाही."

डॉक्टरांनी तळहाताकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त पेनाला टोपण लावलं, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "मागे घ्या हिला. सहा तास थांबायला लागेल. तोवर दुसरा पेशंट घेतो. सर थांबतायत का विचारते, पण कबूल काही करत नाही."

दार बंद झालं. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोबाईलवाल्या बाईंनी भांडण थांबवलं, इथलं जास्त रंगलं होतं ना. "बोलायची काय गरज होती गं? आम्ही काय काय लपवलं, काही झालं नाही आम्हाला."

"मावशी, तुमचं नशीब थोर," ठमीची आई म्हणाली. "माझ्याकडे पोर एकच आहे."

मग ती आजोबांकडे वळली. ठमी पुन्हा रडायला लागली होती. "धरा हिला."

"मी? अगं, मी नको. माझ्याने परत…"

"मी धरली तर ती दूध शोधते. तुमच्याकडे शोधायला काही नाही. धरा, आणि रडू दे. सहा तास बघा."

आजोबांनी ठमीला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. तोंडाने गिअर टाकल्याचा आवाज काढत, वळताना हॉर्न वाजवत. ठमी लाल झाली, जांभळी झाली, आवाज बसला, तरी रडतच राहिली. ठमीची आई कोपऱ्यात छातीवर हात आवळून बसली. तिला त्या खोलीतला एकूण एक माणूस नकोसा झाला होता, आजोबा धरून.

तासाभराने ठमीने एक उसासा टाकला आणि आजोबांच्या पांढऱ्या शर्टावर भडाभडा ओकली. तपकिरी, बुळबुळीत, कणाकणाचं. पुन्हा तोच आंबट वास. नखं कापणारा माणूस नाक दाबून उठून गेला. बरं झालं, निदान दुसऱ्याची घाण काय असते ते कळलं तरी त्याला.

आजोबा जागच्या जागी उभे राहिले. शर्टावरून ओघळणाऱ्या त्या लगद्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे तिच्या फुप्फुसात गेलं असतं?"

"हो."

"झोपेत असताना?"

"हो, बाबा."

त्यांनी ठमीला दुसऱ्या, कोरड्या खांद्यावर घेतलं. नवऱ्याने भिंत सोडली. कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन खाली बसला आणि फरशीवरचं पुसू लागला. एकदा पुसून झालं तरी तीच जागा परत पुसली.

"शर्टाला पाणी लावा," ती आजोबांना म्हणाली. "वाळलं की निघणार नाही."

"नको. हिला खाली ठेवावं लागेल." आणि ते परत चालायला लागले. आता ठमीच्या हाताला त्यांचा चेहरा लागत होता, ती मिशा ओढत होती, घसा फोडत होती, आणि आजोबा एकदाही खुर्चीवर टेकले नाहीत.

सर्जन थांबले. दुपारी ठमीला आत घेतलं तेव्हा तिच्या पोटात काही नव्हतं, आणि फुलाफुलांच्या टोपीने एवढंच म्हटलं, "आता ठीक."

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. गाठ जवळजवळ सगळी निघाली होती. एक पापुद्रा नसेला चिकटून होता, तो मुद्दाम ठेवला होता. पुढचं तपासणीवर. आधी आईने आत यावं.

आत ठमी होती असं म्हणायचं. डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं, डोळे सुजून मिटलेले, कवटीतून निघालेल्या नळीतून गुलाबी पाणी पिशवीत ठिबकत होतं. औषधाचा आणि वाळलेल्या रक्ताचा वास. पोटच्या पोरीची किळस येते, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून ठमीची आई तिथेच उभी राहिली, तोंडाने श्वास घेत, आणि ठमीच्या पायाचा अंगठा धरून ठेवला. अंगठा गरम होता. पोट वर-खाली होत होतं, आपलं आपण.

बाहेर आल्यावर आजोबांनी विचारलं, "कशी दिसतेय गं?"

दिवसभर त्या खोलीत सगळे सगळ्यांना गोडगोड सांगत होते.

"घाणेरडी," ती म्हणाली. "भयंकर घाणेरडी दिसतेय, बाबा. चेहरा सुजलाय, डोक्यातून नळी आलीय, वास मारतोय. श्वास नीट चाललाय."

आजोबांनी एकेका शब्दाला मान हलवली. "मी बघू का तिला?"

तिचा राग अजून जागच्या जागी होता.

"एका वेळी एकालाच सोडतात. पण या शर्टात नाही. ही घाण घेऊन तिच्याजवळ जायचं नाही."

"दुसरा आणलाच नाही गं मी."

नवऱ्याने स्वतःच्या शर्टाची बटणं सोडली, शर्ट काढून आजोबांच्या हातात दिला आणि भरल्या खोलीत बनियनवर बसला. बनियनला काखेत मुठीएवढं भोक होतं. ठमीच्या आईने ते बघितलं आणि नाक मुरडून तोंड फिरवलं.

"हात कोपरापर्यंत धुवा," ती आजोबांना म्हणाली. "साबणाने."