दगूबाईनं दिलेला शब्द

"सत्कारासाठी दगूबाई भोई यांनी मंचावर यावं," असा माइकवरून पुकारा झाला. शाल-श्रीफळ तयार होतं. दगूबाई मांडवाच्या मागच्या खांबाशी उभी होती, पण तिचा पाय उचलेना. वनखात्याच्या साहेबांनी आताच जाहीर केलं होतं की प्रकाशा गावाच्या वरचा तापीतला डोह आजपासून पाणमांजरांसाठी राखीव. तिथं जाळं टाकायला बंदी.

काही वर्षांपूर्वी ही पाणमांजरं जाळी फाडून मासे पळवू लागली, तेव्हा भोईवाड्यानं फासे लावले होते. पाणमांजरं वाचवणाऱ्या संस्थेचा नवनीत तेव्हा तिच्या ओट्यावर येऊन बसला. "मावशी, तापीतून ही जात संपत आलीय. तुमची मासेमारी कुणी बंद करणार नाही, माझा शब्द."

तो शब्द तिनं घरोघर नेला. "त्यासले बी पोट शे," ती सांगत फिरली. तिच्या दिरानं, गोकुळनं, सगळ्यांत आधी फासे काढून तिच्या पुढ्यात टाकले. पाणमांजरं वाढली, पिल्लं घेऊन काठावर दिसू लागली. जाळी फाटायची, बायका शिवायच्या. पण कुणी काठी उगारली नाही.

नवनीत मंचावरून खाली आला. "मावशी, चला ना. सगळे थांबलेत."

"तुले माहीत व्हतं का?"

"वरून आदेश आला. माझ्या हातात काही नव्हतं."

"ते नही इचारं मी. परवा मन्हा घर जेवना, तवय माहीत व्हतं का?"

नवनीतनं खाली पाहिलं. "हो," तो म्हणाला.

दगूबाईनं पदर सारखा केला. "शाल तूच ले," म्हणाली आणि नदीकडे निघाली.

डोहात भोईवाड्यातली माणसं बंदीमुळे आपली जाळी काढून घेत होती. गोकुळ कमरेएवढ्या पाण्यात होता. ती लुगडं खोचून उतरली आणि त्याच्या जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

"गोकुळभाऊ, माले बी आतेच समजनं."

"आम्ही नवनीतनं नही ऐकं व्हतं, वैनी," तो आवाज न चढवता म्हणाला. "तुम्हनं ऐकं व्हतं."

त्यानं हातातली दोरी सोडली आणि काठ चढून गेला. बाकीचेही आपापली जाळी खांद्यावर टाकून त्याच्यामागे गेले.

सुटलेलं टोक धारेला लागलं. जाळ्यात मासे होते, ते जड झालं होतं. दगूबाईनं वाळूत पाय रोवले आणि एकटीच ते थोडं थोडं करून ओढू लागली.