रुमालाखालचा सौदा

मे महिन्यात लढाई पेटली आणि फौजेतल्या सूर्यभानची रजा रद्द झाली. गुरुवारी दुपारी फोन आला, दिवस मावळायच्या आत गडी बॅग घेऊन स्टँडवर! घरात त्याचा बाप रामहरी, पाय प्लास्टरात घालून बाजेवर. शुक्रवारी घोडेगावच्या गुरांच्या बाजारात बापाच्या जागी दलालीला सूर्यभानच उभा राहणार होता. आता कोण राहणार? तिथं एका बाजाराला जरी जागा रिकामी दिसली, की दुसरा दलाल पाय रोवून बसतो. मग त्याला उठवून दाखवा बरं!

"मी जाते," सून धनश्री म्हणाली.

सासू आक्काबाई भाकरी थापता थापता थांबली. "तू? अगं, तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत्यात! परक्या गड्याचा हात धरनार व्हय?"

"मग हातावर हात ठेवून टीव्ही बघू? त्या बातम्यांनी जीव अर्धा झालाय माझा. तुमीबी चला संगं, आई. मग कोन काय बोलतंय?"

रामहरीनं बाजेवरनंच सुनेला बोटांच्या खुणा शिकवल्या आणि सकाळी दोघी निघाल्या.

रामहरीच्या ओळखीचा शेतकरी म्हैस घेऊन आलाच. गिऱ्हाईकही आलं. धनश्रीनं धीर करून हातावर रुमाल टाकला नि हात पुढं केला. गिऱ्हाईक विंचू दिसल्यागत मागं सरकलं. "न्हाई बा! मला गावात तोंड दाखवायचंय." आजूबाजूला खसखस पिकली. शेतकरीही चुळबुळत म्हणाला, "पोरी, आज दुसऱ्याकडं देतो म्हस." धनश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गेली म्हणायची जागा!

तेवढ्यात आक्काबाईनं पदर खोचला आणि रुमाल ओढून घेतला. "माझा धर रं हात. म्हातारीची तर लाज न्हाई ना वाटत?"

आता नाही कसं म्हणणार? रुमालाखाली बोटं हलली. आक्काबाईची भुवईसुद्धा हलेना. "मुडद्या, म्हस घेतोस का नुसती शेपूट?" लोक हसले, गिऱ्हाईकही हसलं, आणि सौदा पटला.

धनश्री बघतच राहिली. "आई, तुमाला कुटनं येतं हे?"

"सासूम्होरं नवऱ्याशी बोलायची चोरी हुती. च्याची बशी घेताना तुजा सासरा बोटं दाबून बाजारातला भाव सांगायचा. आनि..." म्हातारी चक्क लाजली.

"आनि काय?"

"पुढचं गिऱ्हाईक बघ!"

दुसऱ्या शेतकऱ्याच्या म्हशीसाठी पुढचं गिऱ्हाईक आक्काबाईकडं वळलं, तर ती उठून उभी. "मी चालले च्या प्यायला. सौदा करायचा तर सुनेशी." आणि गेलीसुद्धा! गड्यानं एकदा म्हशीच्या कासेकडं बघितलं, एकदा इकडंतिकडं बघितलं, आणि मुकाट्यानं हात रुमालाखाली घातला. धनश्रीनं त्याला चांगला घाम फोडला. तोवर भोवतीचं हसणंही थांबलं होतं.

संध्याकाळी सूर्यभानचा फोन आला. मागं गाड्यांची घरघर. "जागा राह्यली का गं?"

"राह्यली. आन् आता तुमी आला तरी द्यायची न्हाई, आधीच सांगते." ती हसली आणि मग हळूच म्हणाली, "पर या लौकर. भांडायला तरी या."