होडीचा पट्टा

सत्यवतीला एका जागी बसवत नव्हते. आचऱ्याच्या तिठ्यावर यतीनचा फोटो स्टुडिओ. खुर्ची होती, पंखा होता, पण ती दारापर्यंत जायची, मान पुसायची आणि पुन्हा संगणकाच्या काचेकडे बघायची. काचेत तिचा नवरा, तिचा घोव, उभा होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा, काळापांढरा, होडीच्या काठाला हात टेकून.

तिच्या मुलाची, सर्वेशची, नवी होडी किनाऱ्यावर उभी होती. परवा नारळी पौर्णिमा. वाडीत प्रत्येक घराच्या होडीला काठाखाली आपला असा एक रंगीत पट्टा; होड्या परतू लागल्या की बायका तो पट्टा बघून टोपल्या उचलायच्या. सर्वेशला बापाच्याच होडीचा पट्टा हवा होता. बाप तापाने गेला तेव्हा तो दोन वर्षांचा. होडी मिठबावला विकली, तिथे तिच्यावर दुसरा रंग चढला. उरला हा फोटो, आणि फोटोत पट्टा राखाडी.

"आये, कसलो रंग होतो गो?" त्याने विचारले होते, आणि तिच्या तोंडून निसटून गेले होते, "हिरवो."

त्यावर रंगारी महादू अडून बसला. हिरवो म्हणजे पोपटी काय शेवाळी? मग सर्वेशने फोटो यतीनला दिला, संगणकावर आईला हवा तसा रंगवून छापून दे म्हणाला, आणि तिला इथे बसवून ब्रश आणायला बाजारात गेला.

 पण सत्यवतीला रंग आठवतच नव्हता. हिरवा नाही, निळा नाही, काहीच नाही.

"काकी, बघ हां." यतीनने माऊस फिरवून पट्ट्याभोवती तुटक रेघ ओढली. टिचकी मारली. पट्टा हिरवा झाला.

असा झाला, जणू जन्मापासून हिरवाच.

"बरोबर मा?"

"थोडो काळपट कर."

यतीनने खालच्या रंगपट्टीवरची खूण सरकवली. सरकता सरकता हात पुढे गेला नि पट्टा निळा झाला. निळाही तसाच बसला, घट्ट, खराखुरा.

"थांब! तांबडो घाल बघू."

"तू हिरवो म्हटलंस मा?"

"घाल म्हणतंय मा!"

तांबडाही बसला. पिवळाही. यतीन हसला, "काकी, घोवाचा नाव तरी आठवता मा?"

तिने संगणकाकडे बोट केले. "ह्येका खरो रंग कळणा नाय?"

"ह्येका काय कळतला? फोटोत हिरवो नि तांबडो सारखेच राखाडी. मी घालीन तो बसतलो."

ती दारात गेली. म्हणजे आपण हिरवा म्हटले की हिरवा. नातवंडेही उद्या तेच सांगणार, आज्याचा पट्टा हिरवा. चाळीस होड्यांतून घोवाची होडी सगळ्यांआधी ओळखणारी ती; बायका डोळ्यांवर हात धरून पट्टे शोधत असायच्या, तोवर ही गुडघाभर पाण्यात. मग रंग गेला कुठे? ओळखत होती ती कशावरून?

घागर कडेवर घेतलेल्या बाईसारखी डावीकडे कललेली त्याची होडी तिच्या डोळ्यांपुढे आली. मागे तो, डाव्या पायावर भार टाकून. बस्स. पट्ट्यापर्यंत नजर गेलीच नव्हती कधी.

सर्वेश ब्रश घेऊन आला. "झाला?"

"सर्वेश, मी खोटा सांगलंय. रंग माका म्हायत नाय."

"काय ता? अख्खी वाडी सांगता, तू लांबसून ओळखीत होतंस!"

"ओळखीत होतंय. तो डाव्या पायार जोर टाकी, होडी कलली की माका कळा. रंग बघूक वेळ कोणाक होतो?"

यतीनने मान फिरवून खिडकीबाहेर बघितले.

"मी सगळ्यांका सांगान बसलंय, बापाशीचो पट्टो म्हणान!" सर्वेशचा आवाज चढला. ब्रश त्याने टेबलावर आपटले. "आता महादूक काय सांगू?"

"काय ता तू ठरव. होडी तुजी आसा." मग ती यतीनला म्हणाली, "ह्येका होतो तसो कर रे बाबा."

यतीनने एकेक रंग मागे घेतला. पट्टा पुन्हा राखाडी झाला. सर्वेश बराच वेळ बापाच्या पायांकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून त्याने विचारले, "केशरी खंय आसा?"

यतीनने खूण सरकवली. पट्टा केशरी झाला.

"ह्यो बापाशीचो नसात मा?" सर्वेश मागे न बघताच पुटपुटला.

सत्यवती त्याच्या खांद्यावरून वाकली. "कोणाक ठावक," ती म्हणाली, "असात पण."