बाटलीतली फुंकर

"आई, पाय सैल सोडा. अजून सुई कुठे आलीये?"

"मग हे गार काय लावतेस?"

"जंतुनाशक आहे. आता वाळेपर्यंत थांबायचं."

सासूबाई थांबल्या, पण वाकून. बधिर करायच्या फवाऱ्याची बाटली घेऊन मी वळते, तोच त्यांनी नुकत्याच पुसलेल्या गुडघ्यावर मस्तपैकी लांब फुंकर घातली. इंजेक्शन घेऊन पुढे आलेले डॉक्टर जागीच थांबले. मी कपाळावर हात मारणार होते, पण हातात मोजे होते.

फुंकरीवरून आमचं जुनं भांडण. लग्न होऊन आले तेव्हा मी नुकतीच नर्स झाले होते, आणि घरात कुणाला काही खरचटलं की सासूबाई ओठांचा चंबू करून हजर. मी म्हणायचे, "फुंकरीत जंतू असतात." त्या म्हणायच्या, "माझ्या फुंकरींवर तुझा नवरा एवढा वाढला, त्याला कुठे काय झालं?" लेकीला लस टोचून आणली की माझी पाठ वळायचा अवकाश, फुंकर घालून झालेली असायची.

पण गुडघ्यापुढे त्यांचंही काही चालेना. जिना उतरवत नाही म्हणून कित्येक महिने घरातच. खाली बाकावर मैत्रिणींचा अड्डा जमायचा, तो खिडकीतून बघायच्या. सुईचं नाव काढलं की विषय बदलायच्या. "तू असशील तरच येते," म्हणून आज कशाबशा आल्या होत्या. आता उठून गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पुन्हा पुसावं लागेल," मी आवाज न चढवता म्हटलं. "फुंकर मीच घालते, ही बाटलीतली. जागा बधिर होते, पण थोडाच वेळ. मध्ये तुम्ही फुंकलंत की सगळं मुसळ केरात."

"फुंकरसुद्धा बाटलीत भरली? काय काय विकतील मेले!"

पुन्हा पुसलं, वाळू दिलं, फवारा मारला. कातडी पांढुरकी झाली. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले आणि श्वास कोंडून धरला. डॉक्टरांनी सुई घातली, काढली. मी पट्टी चिकटवली.

"आई, झालं. सोडा श्वास."

डॉक्टर हसत पुढच्या पेशंटकडे गेले. सासूबाई पट्टीकडे बघत राहिल्या.

"आता तर झाकलंय ना? आता चालेल?"

"तुम्ही वाकू नका." मी मोजे काढले, पडदा नीट ओढलाय ना ते पाहिलं, मास्क खाली केला आणि पट्टीवर हळूच फुंकर घातली.

आता टोमणा येणार म्हणून मी तयारच होते.

"मी सगळ्यांना घातली," त्या म्हणाल्या. "माझी आई गेल्यापासून मला कुणी घातली नव्हती गं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दुखतंय का अजून?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि पाय जरासा पुढे केला. "पण घाल अजून एकदा."