बाईंचं अक्षर

तक्रारपेटी बसवा, हे मीच सुचवलं होतं. मोहल्ला समितीच्या पहिल्याच बैठकीत. बंद बर्फ कारखान्यामागची आमची वस्ती तेव्हा अख्ख्या रत्नागिरीत बदनाम होती. दिवेलागणीनंतर रिक्षावाले आत यायला नाही म्हणायचे. मग हवालदार निलेश आले आणि दर शनिवारी खुर्च्या मांडून आमच्यात बसू लागले. गटारावर लाद्या पडल्या, खांबांवर दिवे लागले, कारखान्यातले गर्दुल्ले गेले नि तिथे पोरी बॅडमिंटन खेळू लागल्या. पण पहिल्या दिवसापासून लोक तोंडावर बोलायला भीत, म्हणून पेटी. नाव घालायची गरज नाही, हेही माझंच कलम. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, कलमं काढायची खोड जात नाही.

आणि त्या पेटीत मी चिठ्ठी टाकली ती शेजारच्या अस्लमविरुद्ध. कारण सांगायची लाज वाटते, पण सांगते. त्याच्या टेम्पोनं माझी जास्वंद मोडली. दारातली, गुडघ्याएवढी. तो मासळीचा धंदा करतो, पहाटे टेम्पो लावतो. मागे घेताना दिसली नसेल. मी त्याला चकार शब्द बोलले नाही. घरात आले, डोक्यात राख घालून घेतली आणि लिहिलं, ‘अस्लमच्या घरी पहाटे अनोळखी माणसे येतात. टेम्पोतून खोकी उतरवतात. चौकशी व्हावी.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. माणसं येत होती, खोकी उतरत होती. खोक्यांत सुरमई असते हे मला वासावरूनच पक्कं ठाऊक होतं. तेवढं फक्त लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी अस्लमची आई, फातिमा, माझ्याकडे आली. अस्लमला कतारला नोकरी लागली होती. पासपोर्ट नवा करायला टाकलेला, आणि पोलीस तपासणीत अडकलेला. वीस तारखेपर्यंत हातात आला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

“कुणीतरी चिठ्ठी टाकलीय पेटीत,” ती म्हणाली.

“कोण मेला हलकट?” मी म्हणाले. हे मी म्हणाले, याच तोंडानं.

फातिमानं चहाचा कप खाली ठेवला. “बाई, चौकीत अस्लमला दाखवली चिठ्ठी. विचारलं, अक्षर वळखतोस काय? त्यानं नाय म्हटलं. घरी येऊन रडला. तिसरीत तुम्हीच तर हात धरून गिरवून घेतलंत त्याच्याकडून.”

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. घेतलं नाही. मी तिच्यासमोर बसून राहिले, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“मी भांडायला नाय आले,” फातिमा म्हणाली. “मी आलेय हे त्याला ठाऊक पण नाय. तुम्ही दुसरी चिठ्ठी टाका, पहिली चुकीची होती म्हणून. नाव नका घालू. अक्षर तेच दिसलं की साहेबाला पटेल.”

माझी अब्रू राखायची वाटही तिनंच शोधून आणली होती. आणि मी निर्लज्जासारखी ती धरली. त्याच दुपारी चिठ्ठी टाकून आले.

शनिवारी हवालदारांनी ती सगळ्यांसमोर वाचली नि मान हलवली. “निनावी कागदावर निनावी कागद. याला काय किंमत? लिहिणाऱ्यानं समोर येऊन सही केली, तर आजच अहवाल पाठवतो.”

वीस तारखेला चार दिवस होते. फातिमानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अस्लम मागे भिंतीशी उभा होता, खाली मान घालून. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. तो बोलणार नव्हता, हे मला कळलं, आणि मग बसवेना. उठले.

“माझं अक्षर आहे ते. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच.”

निलेशनी कोरा कागद पुढे ओढला. “बाई, कारण लिहावं लागेल. तक्रार का केलीत?”

“टेम्पोनं माझी जास्वंद मोडली.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सगळ्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. मी सही केली, तीही वेडीवाकडी आली. वळले, तर अस्लम जवळ येऊन उभा होता.

“बाई, मला सांगायचंत,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही हाक मारली असती तर मी आलो नसतो काय?”

त्याचं दार माझ्या दारापासून सहा पावलांवर आहे. आणि ती चिठ्ठी टाकायला मी पार गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले होते.